मलकापूरची गाडी

डोहवाडीच्या माणसाला गाडीतलं कळतं का, हे विचारावं लागत नाही. तो आपणहून सांगतो. ज्याची सायकल महिनाभर पंक्चर होऊन गोठ्याच्या भिंतीला टेकलेली असते, तोही चहाच्या टपरीवर बसून दहाचाकी ट्रकच्या इंजिनावर निकाल देतो. त्यामुळं दोन हजार चारच्या पावसाळ्यात बिरोबा तरुण मंडळानं होडी ओढायला पिकअप घ्यायचं ठरवलं आणि गावात शहाण्यांचं पेव फुटलं.

होडी शर्यतीची होती. नवी कोरी, सागवानी, सोळा वल्ह्यांची. पूर्वी डोहवाडीची होडी नदीनंच शर्यतीला जायची. पुढं पंचगंगेवर जागोजाग बंधारे झाले. पावसाळ्यात त्यांच्या मोऱ्यांतून पाणी असं उसळतं, की त्यात होडी घालणं म्हणजे जाणूनबुजून विहिरीत उडी मारणं. मग होड्या रस्त्यानं जायला लागल्या. आधीची होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधून नेली, तर शिरोळच्या अलीकडं एका खड्ड्यात ट्रॉली आदळली आणि होडीचा कणाच मोडला. नवी होडी हंबीररावांनी पदरमोड करून बांधून घेतली. हंबीरराव म्हणजे दूध संस्थेचे चेअरमन, मंडळाचे अध्यक्ष आणि गावातल्या भांडणांचे कायमचे पंच. त्यांनी गडमुडशिंगीच्या वेल्डरकडून धक्के झेलणारे पाटे बसवलेला लांबलचक ट्रेलर करून घेतला आणि सूरजला बोलावणं धाडलं.

सूरज कांबळे संस्थेच्या दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. हंबीरराव एरवी त्याला 'सुऱ्या' म्हणत. त्या दिवशी 'सूरजराव' म्हणाले. तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

"सूरजराव, गाडी तुमी निवडायची. आमच्या यशराजला रंग आन् हॉर्न, एवढंच कळतंय."

यशराज म्हणजे त्यांचा धाकटा. तो शेजारी बसून मोबाइलची बटणं दाबत होता. त्याला या बोलण्याचं काहीच वाटलं नाही.

"निवडतो की आण्णा," सूरज म्हणाला. "पर माझं बी एक हाय."

"बोल की मर्दा."

"औंदा मला वल्हं पायजे."

बैठकीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागणी काही आभाळातली नव्हती. सूरज कितीतरी पावसाळे सरावाला होडीत बसत होता. कुणाचा हात दुखला, कुणी सासुरवाडीला गेला, की हाक सूरजलाच. सुकाणू धरणारा आकाराम म्हातारा तर उघड म्हणायचा, की या पोरानं वल्हं मारलं की होडी पुढं सरकत नाही, उडी घेते. पण शर्यतीचा दिवस उजाडला की वल्हं दुसऱ्याच्या हातात. "फुडल्या साली बघू." कारण कुणी सांगायचं नाही. जातीचं नाव तर कुणी काढायचंच नाही. डोहवाडीत ते काढायची गरजच पडत नाही. न काढताच सगळ्यांना सगळं कळतं.

सूरजला बक्षीस नको होतं. ज्या नदीत तो पोहायला शिकला, त्या नदीतून गावाची होडी जाताना काठावर उभं राहून शिट्ट्या मारायचा त्याला वीट आला होता. गावाच्या होडीत गावाचा माणूस म्हणून एकदा बसायचं, बस्स.

"दिलं!" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "तिसरं वल्हं तुझं. आकाराम, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की," आकाराम म्हणाला.

"पर आण्णा, मी होडीत बसल्यावर गाडी कोण न्हेणार?" सूरजनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. मधे बंधारा नाही अशा पट्ट्यात शर्यत होते, वरच्या घाटावर सुटते आणि चार कोस खाली संपते. होडी पाण्यातून खाली जाते, तशी गाडी रस्त्यानं वळसा घालून खाली न्यावी लागते, नाहीतर दमलेल्या गड्यांना होडी प्रवाहात धरून बसावं लागतं.

"यशराज न्हेईल. त्याला तेवढं जमतंय की."

ठरलं. आणि सूरज जीव ओतून गाडी शोधायला लागला.

दोन गाड्या उरल्या. एक कोल्हापूरच्या शोरूममधली, नवी, पांढरीशुभ्र. स्टेअरिंग एका बोटानं फिरायचं. आत टेप होता. यशराज तिच्यात बसला तो उतरायलाच तयार होईना. दुसरी मलकापूरच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडची. जुनी, लांब नाकाची, चारही चाकांना जोर देणारी. रंग कुठला होता हे सांगायला जुनं माणूस लागलं असतं. स्टेअरिंग अर्धं फिरलं तरी चाकाला पत्ता नसायचा आणि रिव्हर्सचा गिअर वर उचलून, कडेला दाबून, शिवी घातल्याशिवाय पडायचा नाही. व्यापारी म्हणाला, "पावणं, ही गाडी कुणाच्या बी हाताला लागत न्हाय. माझं तीन ड्रायवर पळून गेलं. पर वडायला सांगा, डोंगर वडंल."

सूरजनं ती जंगलाच्या वाटेवर तासभर चालवली. पहिल्यांदा तिनं त्याला घाम फोडला. मग त्याच्या ध्यानात आलं, की हिला वळण लागायच्या आधीच वळवायला सुरुवात करावी लागते आणि क्लच पार शेवटाला धरतो. परत आला तेव्हा तो हसत होता. अवघड गाडी हाताखाली आली की ड्रायव्हर माणसाला जी गुर्मी चढते, ती त्याला चढली होती.

घरी प्रीती, त्याची बायको, भाकरी थापत होती. त्यानं दोन्ही गाड्यांचं वर्णन केलं. मलकापूरच्या गाडीचं जरा जास्तच केलं.

"ती यशराजला चालवाय येईल?" प्रीतीनं विचारलं.

"शिकंल की."

"आन् न्हाय शिकला तर?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "अवो, पांढरी घ्या म्हणा. सोपी गाडी कुणीबी चालवतंय. अवघड गाडी घेतलीसा तर तिच्यासंगट तुमालाच बांधून घालतील."

"तुला गाडीतलं काय कळतंय?"

"गाडीतलं न्हाय कळत. माणसातलं कळतंय."

सूरज हसला. आणि हसलेला माणूस ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या घाटावर आणल्या. निम्मं गाव जमलं होतं. म्हशी पाण्यात उतरतात त्या चिखलाच्या उतारावरून ट्रेलर पाण्यात सोडला, वर होडी चढवली आणि आधी पांढरी जोडली. शोरूमच्या माणसानं ॲक्सिलेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, चिखल पार देवळाच्या पायरीपर्यंत उडाला, आणि गाडी वर यायच्या ऐवजी होडीच्या वजनानं हळूहळू मागं, पाण्याकडं घसरायला लागली. पोरांनी उड्या टाकून ट्रेलर धरला म्हणून निभावलं. यशराजची विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली. मग सूरजनं मलकापूरची जोडली. तिनं एकदा खाकरल्यासारखं केलं आणि होडी, ट्रेलर, वर बसलेली चार-पाच टारगट पोरं, सगळं एका दमात वर आणून उभं केलं. गावानं शिट्ट्या मारल्या. सूरजच्या आयुष्यात गावानं त्याच्यासाठी मारलेल्या त्या पहिल्याच शिट्ट्या.

"बोल, कुठली घ्यायची?" हंबीररावांनी सगळ्यांदेखत विचारलं.

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. चाकांना साखळ्या लावू, उतारावर खडी टाकू, पांढरीच बरी, असं म्हटलं असतं तर यशराजनं त्याला खांद्यावर घेतलं असतं. प्रीतीचं बोलणं त्याला आठवलंही. पण होडी डोळ्यांसमोर होती. मघाशी ती पाण्याकडं घसरताना त्यानं बघितली होती. ज्या होडीत आपण बसणार, तिच्या वाइटाचं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"मलकापूरची घ्या आण्णा. हीच घ्या. पांढरी एक दिवस होडीला जलसमाधी देईल."

गाडी घेतली. पुढच्या काचेवर 'बिरोबा प्रसन्न' लिहून झालं, नारळ फुटला. यशराज दोनदा ती शिकायला बसला. पहिल्या वेळी त्यानं रिव्हर्स घेताना ट्रेलर असा मुडपला, की होडीचं टोक गाडीच्या खिडकीला येऊन टेकलं. दुसऱ्या वेळी गिअरच पडला नाही. तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. सूरज त्याला घरी बोलवायला गेला, तर कळलं की तो सकाळीच सरावाला होडीत जाऊन बसलाय. सूरजनं मनाची समजूत काढली, की मोकळं वल्हं दिसलं असेल म्हणून बसला असेल. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी हंबीररावांनी नवंच काढलं. मागच्या साली दोन गड्यांनी समोरच्या गावाकडून पार्टी खाऊन हात सैल सोडला होता. म्हणून औंदा होडीत बसणाऱ्या प्रत्येकानं बिरोबाच्या देवळात बेलभंडारा उचलायचा. बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे हळद, देवासमोर तळहातावर घेऊन शपथ वाहायची, की होडीशी बेइमानी करणार नाही.

सूरज म्हणाला, "आण्णा, माझ्या घरात देव न्हाय. मी आमच्या विहारात, बुद्धासमोर शपथ घेतो. म्हणाल तशी घेतो."

"ते तुमचं झालं," हंबीरराव अगदी मायेनं म्हणाले. "होडी बिरोबाची हाय रं. माझा तुझ्यावर इश्वास हाय, पर बाकीची पोरं म्हणतील, ह्याला येगळा कायदा का? तू बघ. जबरदस्ती न्हाय."

जबरदस्ती नाही, हे खरंच होतं. जबरदस्ती असती तर सूरजला नाही म्हणता आलं असतं.

तो घरी आला आणि आईसमोर बसला. आईचं नाव यल्लव्वा. बौद्धाच्या घरात हे नाव कसं, म्हणून नवी माणसं विचारत, आणि ती सांगतही असे. ती पोटात असताना तिच्या आईनं नवस बोलला होता: पोरगी झाली तर देवीला सोडीन. पोरगी झाली. नाव देवीचं ठेवलं. थोडी मोठी झाली की गळ्यात मोती बांधून, कपाळाला भंडारा फासून तिला सोडायचं ठरलेलं होतं, आणि त्या वाटेनं गेलेल्या पोरींचं पुढं काय होतं, हे वस्तीला माहीत होतं. ती चालायला लागली त्या वर्षी दीक्षेचं वारं आलं. तिच्या बापानं घरातले सगळे देव पाटीत भरले आणि नदीत नेऊन सोडले. पोरीच्या गळ्यात मोती पडायचे ते राहिले.

सूरजनं बेलभंडाऱ्याचं सांगितलं. यल्लव्वा बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"न्हाय म्हण की," ती शेवटी म्हणाली.

"मग वल्हं न्हाय मिळत, आये. ह्या येळी दिलंय त्यांनी. सगळ्यांम्होरं दिलंय. खोटं खोटं उचलतो. मनात काय नसलं म्हंजे झालं."

"माझ्या आईच्या मनात बी काय वाईट नव्हतं."

प्रीती दारात येऊन उभी राहिली. मग यल्लव्वानं पदराचं टोक सोडलं. "तू कवापास्नं त्या होडीच्या मागं हैस, मला दिसत न्हाय व्हय? माझ्या सोन्यासारख्या पोराला काठावर उभा करत्यात, ते मला बी टोचतंय. जा, उचल. मी आडवी येत न्हाय. पर एक आईक. उचललास, तर होडीत बसूनच घरला ये."

संध्याकाळी सूरजनं भंडारा उचलला. त्याच्या तळहातावर हळद पडली, त्यानं हात मागं घेतला नाही. शपथेचे शब्द तो सगळ्यांत मोठ्यानं बोलला. हंबीररावांनी स्वतःच्या हातानं त्याच्या कपाळाला पिवळा पट्टा ओढला. मग देवळासमोरच्या पंक्तीला तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या शेजारी बसला आणि त्याला वाटलं, एवढ्याशा हळदीनं हे होणार होतं, तर आपण आधी का नाही उचलली?

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना वरच्या घाटावर जत्रेसारखी गर्दी होती. गावोगावच्या होड्या, हलग्या, भजीचे गाडे. उतार अरुंद होता आणि दोन्ही बाजूंनी माणसं. दुसऱ्या गावांचे ट्रॅक्टर चार-चार वेळा पुढं-मागं करत होते. सूरजनं मलकापूरची गाडी एका दमात उलटी घेतली आणि होडी पाण्यात अशी अलगद सोडली, की परक्या गावची माणसंसुद्धा वा वा म्हणाली. तो खाली उतरला. शर्ट काढून सीटवर टाकला, विजार मांडीपर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय घातला.

"कापडं कशाला काढतोस?" मागून हंबीरराव म्हणाले.

सूरजनं वळून पाहिलं. होडीत सगळे बसले होते. तिसऱ्या वल्ह्यावर यशराज होता.

"आण्णा, तिसरं माझं हाय."

"तुझंच हाय की! तुझं न्हाय कोण म्हणतंय? पर मला सांग, गाडी खाली कोण न्हेणार?"

"यशराज न्हेणार. ठरलंय आपलं."

"आरं खुळ्या, यशराजला ही गाडी हलती तरी का? आन् खालच्या घाटाचा उतार ह्याच्या परीस वंगाळ. होडी वर काढताना काय झालं म्हंजे?" हंबीररावांनी त्याच्या उघड्या खांद्यावर हात ठेवला. "तूच म्हणालतास न्हवं, हीच गाडी घ्या? आमी तुझं ऐकलं. पांढरी घेतली असती, तर प्रश्नच नव्हता."

"मग भंडारा कशाला उचलायला लावलासा?"

हा प्रश्न जरा मोठ्यानंच आला. हलगीवाला थांबला. हंबीररावांचा हात खांद्यावरून निघाला, पण चेहऱ्यावरची माया तशीच राहिली.

"भंडारा उचललास ते तुझ्याच भल्याचं झालं की. आता बिरोबाचा आशीरवाद हाय तुला."

सूरजनं आकारामकडं पाहिलं. म्हातारा सुकाणू धरून उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तिसरं वल्हं सूरजचं, हे त्याच्यासमोरच ठरलं होतं. तो आता पाण्याकडं बघत होता. नदीत काही नवल चालल्यासारखा बघत होता. गावात भला माणूस म्हणून त्याचं नाव होतं. भली माणसं अशा वेळी पाण्याकडंच बघतात.

शिट्टी वाजली. होडी सुटली. सूरज क्षणभर तसाच घोट्याभर पाण्यात उभा राहिला. गाडी इथंच सोडून जावं, किल्ली नदीत फेकावी, असं त्याच्या मनात आलं. पण खाली होडी अडकली असती, पाण्यात तर गावाचीच पोरं होती, आणि काल मोठ्यानं म्हटलेली शपथ होतीच. खोटी खोटी उचललेली शपथ खरी पाळायला तो गाडीत बसला.

होडी पहिली आली. त्याच्याशिवाय आली, हे जास्त लागलं. यशराज धापा टाकत, डोक्यापासून पायापर्यंत भिजून, लोकांच्या खांद्यावर नाचत होता. सूरजनं उतारावर गाडी उलटी लावली, होडी वर ओढली, दोर आवळले. कुणीतरी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. "गाडी निवडावी तर सूरजरावानं!" हंबीरराव ओरडले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याच्या कानफटात बसल्या.

मिरवणूक गावात शिरली तेव्हा दिवस मावळायला आला होता. सूरजनं होडीसकट गाडी मंडळाच्या होडीच्या शेडसमोर उभी केली आणि मागं न बघता घरी आला. यल्लव्वा उंबऱ्यात बसली होती. हलगी तिनं लांबूनच ऐकली होती.

"जिकली म्हणं होडी."

"व्हय."

"बसलास?"

वाटेत त्यानं ठरवलं होतं, की हो म्हणायचं. तिनं जे दिलं त्याच्या बदल्यात तिला एवढं तरी मिळावं. "बसलो की आये," तो म्हणाला. "तिसऱ्या वल्ह्यावर."

यल्लव्वा उठली. तिनं त्याच्या शर्टाला हात लावला, मग विजारीला, मग केसांना. सगळं कोरडं होतं. मघाशी शेडकडं जाणारी पोरं तिच्या दारावरून गेली होती. पाणी गळत गेली होती. ती काही बोलण्याआधी, मागं येऊन उभी राहिलेली प्रीती आत निघून गेली. तिच्यानं बघवलं नाही.

"सुऱ्या," यल्लव्वा म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "माझ्या बानं देव नदीत सोडलं आन् मी सुटले. तू ते परत उचललंस. आन् कशापायी रं? गाडी रिवर्स घ्यायला?"

सूरज उंबऱ्यापाशी तसाच उभा राहिला. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. प्रीतीनं आधीच सांगितलं होतं, आईनं आधीच सांगितलं होतं, आणि तो दोघींपेक्षा शहाणा ठरायला गेला होता.

शेडकडून गाडीच्या गिअरचा करकरण्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग यशराजची हाक आली. आनंदानं ओरडून बसलेल्या आवाजातली, बिनरागाची, मित्राला मारावी तशी हाक.

"ए सुऱ्या! ये की लवकर! होडी आत घालायची हाय, कुणालाच जमंना झालंय!"

यल्लव्वा दारातून बाजूला झाली.

"जा," ती म्हणाली. "बोलवाय लागल्यात तुला."

सूरज गेला.